धर्मकाटा, कापसी

भंडारा रोडवर रात्री अडीचला
दहाचाकी ट्रक काट्यावर चढला,
आणि आधी ऐकू आलं ते पाणी.
डाल्याच्या फटींतून टपटप.
वैनगंगा अजून उतरत होती त्यातून.

लाल आकडे थरथरले, थांबले:
चौतीस हजार आठशे साठ.
पासिंग साडेअठ्ठावीस टनांचं.

सुकराम उईके, देवलापारचा,
कानावरचा मफलर सोडत म्हणाला,
"मॅडम, हे रेतीचं नाही, पान्याचं वजन हाय.
घंटाभर थांबून जा, गळून जाते."

माझ्या चालान-मशीनमध्ये
ओल्या-कोरड्याचा रकाना नाही.
काटा दाखवेल तेच वजन, असं ट्रेनिंगला शिकवलेलं.
तरी थांबले.
का थांबले, ते अहवालात लिहिता येणार नाही.
जीपमध्ये नेवारे घोरत होता
आणि मला चहा हवा होता,
एवढंच समजा.

टपरीवर त्यानं बशीत फुंकर घातली.
मालक म्हणते, डाला दिसला नाही पाहिजे, रेतीच दिसली पाहिजे.
फेरीमागं बाराशे भेटते.
चालान आलं का त्यातूनच कापते.
मग बराच वेळ गप्प राहून,
जणू घरच्या म्हाताऱ्या बैलाबद्दल सांगावं तसं,
"भरून असला का ब्रेक उशिरा ऐकते, मॅडम.
मी दाबतो. मंग तो इचार करते."

त्याचा विचार किती लांबीचा असतो
ते मी टेपनं मोजलेलं आहे,
पारडीला, एका सकाळी सात वाजता.
एकोणतीस मीटर,
आणि शेवटी आडवी पडलेली दुधाची कॅन.
टेपचं दुसरं टोक नेवारेनं धरलं होतं.
सुकरामला हे सांगितलं नाही.

साडेतीनला पुन्हा काटा.
चौतीस हजार पाचशे चाळीस.
तीनशे वीस किलो नदी
कापसीच्या डांबरावर पसरलेली,
आणि कायद्यापेक्षा जास्त
अजून सहा टन चाळीस किलो.
"पाहा," मी म्हटलं.
"पाह्यलं," तो म्हणाला.

तेवढ्यात मालकाचा फोन.
मग मालकाच्या ओळखीतल्या कोणाचा तरी.
"मोठे साहेब आहेत, बोलून घ्या."
सुकरामनं मोबाईल पुढं केला.
मी तो घेऊन काट्यावर ठेवला.
बोलू दिलं साहेबांना.
आकडा हलला नाही.

मग फावडी निघाली.
सुकराम, त्याचा क्लीनर पोरगा,
आणि थोड्या वेळानं, वर्दीच्या बाह्या दुमडून,
कोणी न सांगता, नेवारे.
मी टॉर्च धरला. तेही काही कमी जड नव्हतं
डिसेंबरातल्या त्या वाऱ्यात.

उजाडता उजाडता चाकांवरचे वाकलेले पाटे
हळूहळू सरळ झाले,
पाठीवरचं पोतं उतरल्यावर
हमालाची कंबर होते तसे.
मागच्या फळीवर मी लाल पट्टी चिकटवली,
ती नसल्याचे वेगळे पैसे लावले.
तो सही करताना म्हणाला,
"हे पण माह्याच नावावर?"
मालकाचं नाव मी खालच्या ओळीत लिहिलं,
दोनदा गिरवलं.
मशीन ते वाचेल की नाही, ठाऊक नाही.

ट्रक पारडीकडे गेला.
वळणावर ब्रेकचे दिवे लागले, लगेच.
मी उगाच मोजत उभी होते.

ढिगाचा पंचनामा अजून बाकी आहे.
पंच म्हणून हजर दोन कुत्री,
वरच्या सुकलेल्या रेतीत झोपलेली.
खालून तो अजून ओलाच आहे.