विषय क्रमांक सात

सहा विषय संपेस्तोवर ऊन शाळेच्या पायऱ्या उतरून गेलं होतं.
सातवा मी रजिस्टरात लिहिला :
कुंडाजवळ बोअर, खोली सहा हजार फूट,
जमिनीतल्या धगीवर वीज.

हजार ऐकून मागं कुणीतरी हसलं.
आमच्याकडं बोअरला हसणं वेगळंच असतं,
सातशे फुटांवर नुसता फुफाटा पाहिलेल्या माणसांचं.

साहेब तरुण. लाईट गेलेली, प्रोजेक्टर मुका,
म्हणून त्यानं खडूनं फळ्यावर पृथ्वी काढली,
भाकरीसारखी, मोडून दाखवलेली.
"वर पापुद्रा, आत वाफ."
बायकांना ते लगेच कळलं.

मग इरबा गुरव :
वरच्या वावरात बोअर झाला की खालची विहीर बसते,
हे आम्ही पैसे मोजून शिकलोय.
तुमच्या भोकानं कुंड निवलं तर?
आदिलाबादहून लोक अंगावरचे चट्टे घेऊन येतात,
त्यांना काय सांगू,
देव कंपनीत कामाला लागला म्हणून?

(हशा. मी लिहिला नाही.)

जंगू आत्राम पोडावरून आलेला, दाराशीच उभा.
तार आमच्या डोक्यावरून जाणार का
आमच्या घरात येणार, एवढंच सांगा.

आणि सोजर.
लोहाऱ्याकडची लेक, इथली सून,
भूकंपात नऊ वर्षांची होती.
तिनं कुंडाचं नावच काढलं नाही.
"खाली हात घालायच्या आधी
वरच्यांना जागं कराल ना?
आम्हाला जमिनीनं झोपेतच सांगितलं होतं."

इतिवृत्तात याला रकाना नाही.

साहेबानं फळ्याकडं पाहिलं, मग बोटांवरल्या खडूकडं.
"काही होणार नाही, असं पत्रकात छापलंय.
मला तेवढी खात्री नाही," तो म्हणाला.

इतक्या वर्षांत या ओट्यावर
मला माहीत नाही म्हणणारा
पहिलाच बुटातला माणूस.

हो कुणीच म्हणालं नाही.
फक्त आवाज खाली आले आणि मागण्या सुरू झाल्या :
पोडावर आधी दिवा.
कुंडात तापमापी, पेटीची किल्ली गावाकडं.
दोन अंश उतरले की मशीन बंद,
आधी बंद, मग चर्चा.
साहेब वहीत लिहीत होता, मी रजिस्टरात,
दोघांचीही अक्षरं घाईनं बिघडलेली.

सूचक : रिकामं. अनुमोदक : रिकामं.
ठराव : पुढच्या सभेत.

तापमापी मात्र आठ दिवसांत आली.
तेव्हापासून शाळेच्या भिंतीवर
सोजरच्या हातचे कोळशाचे आकडे :
४२
४२
४२
४१

एकेचाळीसपाशी अख्खं गाव गोळा झालं.
अजून जमिनीला कुणी सुईसुद्धा टोचली नव्हती.
इरबानं बाही वर केली,
कोपरापर्यंत हात कुंडात घातला,
बराच वेळ ठेवला.

"थंडीत होतं असं," तो म्हणाला.
"तेही लिही बाजूला."