चार अँपिअर

रात्रीचे दोन, आणि उमरेड रोडच्या सबस्टेशनात
पारा अजून छत्तिसावर.
अर्ध्या नागपूरचे कूलर घरघरताहेत,
मी पडद्यावर तीन रेषा वाचत बसलेली:
लाल, पिवळी, निळी.

एकटी लाल कोसळली
तर एक तार जमिनीला टेकलीय.
दोघी एकदम लडखडल्या
तर वाऱ्यानं एकमेकींवर आदळल्यात.
तिन्ही सोबत गेल्या की बहुधा
कुणीतरी अर्थिंगची साखळी काढायला विसरलंय,
आणि जो विसरला
त्याचाच फोन सगळ्यात आधी येतो.
साठ मिलिसेकंदांत रिले सांगून मोकळा:
कोणती, केवढी, किती किलोमीटरवर.
आमच्या घरचं भांडण नेमकं कुठून सुरू झालं
हे अकरा वर्षांत ठरलेलं नाही.

पण नवतपातली ती रात्र.
पाचगावच्या पुढं, कडुनिंबाखाली,
अकरा केव्हीची तार तुटून पडली,
आणि मुरूम इतका कोरडा
की विजेला खाली उतरायला वाटच मिळेना.
चार अँपिअर.
रिलेची सेटिंग चाळीस.
लाल रेषा जराशी उतरली होती,
मी पाहिलंही.
रात्री लोड उतरतोच, म्हणून चहा ओतला.

तेवढ्यात डोमाजी उईकेंचा फोन.
"मॅडम, फिडर बंद करा."
काका, इथं तर काहीच नाही दिसत.
"तिथं नसन दिसत.
इथं माती कुरकुरून राहिली ना."

मी ब्रेकर उघडला.
नऊशे घरांतले पंखे थांबले,
तक्रारींचा फोन पहाटेपर्यंत शिव्या देत वाजत राहिला.

सकाळी काकांनी रुमालाची गाठ सोडली.
तार पडली होती तिथल्या मुरुमाची काच,
बोटभर, हिरवट काळी,
आतून पोकळ.
"माझ्या चपलेपासून इतकी," म्हणाले,
आणि वीत दाखवली.
मग चहात पाव बुडवून खाल्ला.

फॉर्मवर 'दोषाचा प्रकार' असा रकाना आहे,
खाली छापलेले दहा पर्याय.
मी अकरावा लिहिला: ऐकू आलेला.
विभागीय कार्यालयातून फॉर्म परत आला,
लाल शाईत शेरा,
रकाना नियमानुसार भरावा.

काच माझ्या टेबलावर आहे, कागद उडू नयेत म्हणून.
सेटिंग खाली आणली तर
वाऱ्याच्या प्रत्येक झुळकीला फिडर उडेल,
हेही खरंच आहे.
सेटिंग अजून चाळीस.
काका ऑगस्टमध्ये रिटायर होताहेत.