खुंट्या

मुलुंडला हायवे ओलांडला की आमची गल्ली,
आणि गल्ली संपते तिथे मुंबई संपते.
नकाशावर नाही,
नकाशावर अजून बोटभर उरते ती.
पण रिक्षावाले इथूनच वळवतात
आणि परतीचं भाडं मिळणार नाही म्हणून
क्षणभर तोंड बारीक करतात.

पुढे भिंत. भिंतीला पोरांनी पाडलेलं भगदाड.
भगदाडापलीकडे मिठागर, मग खाडी,
खाडीच्या पार
दुसऱ्या कुठल्यातरी शहराचे दिवे.

इथं रात्री साडेदहाला
दूध कुणाचं उतू गेलं ते वासावरून कळतं.
छेडांच्या कुकरची तिसरी शिट्टी
नेहमी अर्धवट राहते.
वेंकटरमणी आजी दिवेलागणीला खाली येते,
गल्लीतली पोरं मोजते एक एक करून
(तिची स्वतःची नातवंडं टोरांटोत)
आणि आकडा जुळला की वर जाते.

घर बघायला येणाऱ्यांना आम्ही हेच सांगतो:
शांत आहे हो. पोरंबाळं मोकळी खेळतात.
डास आहेत, खोटं कशाला बोला,
पाणी सकाळी पाऊण तास.
पण शांत आहे.

मागच्या मंगळवारी दोन माणसं आली
तीन पायांची दुर्बीण घेऊन.
मिठागरात त्यांनी खुंट्या ठोकल्या,
लाल टोकाच्या, वीस वीस पावलांवर,
आणि कशासाठी ते न सांगता
चहा पिऊन गेली.
चहा माझ्याच घरचा.

बुधवारी संध्याकाळी
गल्लीत पहिल्यांदाच खरेखुरे स्टंप उभे.
सहा. इकडे तीन, तिकडे तीन.
एरवी एक वीट असते, नाहीतर
रामदुलार वॉचमनची प्लास्टिकची खुर्ची.
जोएल पेव्हर ब्लॉकच्या फटीत
एकेक खुंटी हलवून हलवून बळकट करत होता.
माझी निहिरा विकेटकीपर,
तळव्यांना लाल रंग.

मी ओरडायला खिडकीत गेले.
सोसायटीची सेक्रेटरी आहे मी.
सरकारी मोजणी, पोलीस केस, तुमच्या आईबाबांना बोलावते,
सगळी वाक्यं ओठांवर तयार.

खाली वैतीमामा झाडांना पाणी घालत होते.
मिठागरात राबले तिशीपर्यंत,
आता आमच्या कुंड्या सांभाळतात.
पाइप बाजूला धरून म्हणाले,
“तुमची बिल्डिंग आली तवा
आमच्या पोरानं पन अशाच उपटल्या व्हत्या.
चुलीत घातल्या. मस्त पेटल्या.”
आणि हसले. खरंच हसले, टोमणा नव्हता.
मग वर बघत राहिले,
पहिला मजला, दुसरा, तिसरा,
माझ्या खिडकीपर्यंत येऊन
नजर पुन्हा जास्वंदीकडे.

मी काहीच ओरडले नाही.
“हळू मार, काच आहे,” एवढंच म्हटलं,
तेही कुणी ऐकलं नाही.

शनिवारी ती माणसं परत आली.
मोकळी भोकं पाहिली, एकमेकांकडे पाहिलं,
टेम्पोतून नवा गठ्ठा काढला.
त्यांच्याकडे खुंट्यांना तोटा नव्हता.
मी पुन्हा चहा दिला. साखर किती, तेवढं विचारलं.

आता पोरांकडे दोन पिचचे स्टंप आहेत.

रात्री खारफुटीतून कोल्हा ओरडतो कधीकधी.
पहिल्या वर्षी आम्ही घाबरायचो,
निहिरा आमच्या मध्ये येऊन झोपायची.
आता ती झोपेतच कूस बदलते
आणि मी जागी राहून
दुसरा कोल्हा उत्तर देतो का, ऐकत बसते.

काल एका बाईंचा फोन आला,
चौथ्या मजल्यावरच्या रिकाम्या फ्लॅटसाठी.
मुलगा लहान आहे, दम्याचा त्रास आहे,
गाड्यांचा आवाज नको.
शांत आहे ना हो तुमच्याकडे?
मागे कुणाच्या तरी हॉर्नवर हॉर्न.
आहे, म्हटलं, अजून आहे.
बघायचं असेल तर संध्याकाळी या,
पोरं खेळत असतात तेव्हा.