मधली चित्रं

हल शहरात टेलिफोनचे खोके लाल नाहीत,
सायीच्या रंगाचे आहेत.
हे मी पहिल्यांदा सांगितलं
ते अबरिस्टविथच्या ग्वेनलिअनला.
तेव्हा तिचा चेहराही पाहिला नव्हता,
फक्त हात माहीत होता मला:
रेघेच्या शेवटी किंचित थरथरणारा,
पाणी कधीच निळं न रंगवणारा.

रात्रपाळीला मी रक्तातल्या पेशी मोजते.
पहाटे घरी येते, बूट काढते,
आणि कोट न काढताच
पाणमांजराचं शेपूट काढायला बसते.

पाणमांजर एका कार्टून मालिकेतलं, दुय्यम पात्र.
गळक्या होड्या दुरुस्त करतं,
तोंडात खिळे धरून बोलतं,
त्यामुळे त्याचं कुणाला काही कळत नाही.
मला कळायचं.
पहिल्या वर्षी इथे माझंही बोलणं
खिळ्यांमधूनच निघायचं.

दुसऱ्या पर्वानंतर मालिका बंद पडली.
होडी अर्ध्या नदीत, पाणमांजर काठावर,
पंजा वर केलेला.
निरोपाचा, की थांब म्हणणारा?
आम्ही चौघांनी ठरवलं, पुढची चार मिनिटं आपण काढू.
डुलूथचा ऑरेन अंगणातला बर्फ उपसून आला
की धापा टाकतच आवाज द्यायचा,
लेस्टरची नसीम बाळ झोपल्यावर पेटी वाजवायची,
म्हणून आमचं संगीत इतकं हळू आहे.

"ऑटरला आमच्यात पाणमांजर म्हणतात,"
मी सहज लिहून गेले,
पाणी आणि मांजर, दोन्हींचे अर्थ सांगून.
तिसऱ्या दिवशी ग्वेनलिअनचं चित्र आलं:
पंजा चाटत बसलेलं,
शेपूट पायांभोवती गुंडाळलेलं,
अगदी आमच्या मिरजेच्या बोक्यासारखं,
आणि बुडाखाली फरशीवर ओलं वर्तुळ.
त्या वर्तुळाकडे मी किती वेळ पाहत बसले.
माझ्या तोंडातला शब्द
दुसऱ्याच गावात जाऊन अंग झटकत होता.

माझ्या वाट्याला मधली चित्रं.
पंजा खाली, पंजा वर, ही दोन ग्वेनलिअनची.
त्यांच्या मधली अकरा माझी.
ती थांबून पाहायची नसतात.
पाहिलीच, तर कोपर ताणलेलं दिसतं,
डोळा गालावर घसरलेला.
आई फोनवर विचारते,
"परत येणार आहेस, की तिथलीच झालीस?"
मी म्हणते, "बघू."
सातवं चित्र असावं ते. किंवा आठवं.

पंज्यावरून भांडलोही.
ऑरेन म्हणे, निरोपच. नसीम तीन आठवडे बोललीच नाही.

मार्चमध्ये ग्वेनलिअन आली.
पॅरागॉन स्टेशनवर उतरली ती सत्तरीची बाई,
जन्मभर नकाशे काढून निवृत्त झालेली,
उजवा हात खिशात.
चहाच्या दुकानात तो बाहेर काढला
तेव्हा कप बशीवर वाजत राहिला.
"तुला ती माझी शैली वाटली ना?"
आणि हसली, इतकी, की शेजारच्या टेबलावरचे वळले.

दोन वर्षं मी ती थरथर
मन लावून गिरवत होते,
प्रत्येक मिशीत, प्रत्येक लाटेत.
मला काय बोलावं सुचेना.
मी म्हटलं, "चिप्सवर इथला मसाला घेऊन बघ."
तिने घेतला. डोळ्यांत पाणी आलं तिच्या,
मसाल्याचंच म्हणू या.

मग हंबरच्या काठी गेलो.
पाणी चहाच्या रंगाचं, गढूळ, रुंद.
"बघ," ती म्हणाली, "निळं कुठे आहे?"

चार मिनिटं अजून झालेली नाहीत.
काल तिचं चित्र आलं: पंजा वर.
रेघ आता जास्त हलते,
आणि खाली लिहिलंय,
"मधलं तू बघ. घाई नको."
बाहेर उजाडतंय. होडी अर्ध्या नदीत आहे.
मी कोट काढून ठेवते,
पेन्सिलला टोक काढते.