ठराव क्रमांक एकेचाळीस

ग्रामपंचायतीची नगरपंचायत झाली
तेव्हा बदललं एवढंच :
घरफाळा वाढला,
सरपंच जाऊन नगराध्यक्ष आले
(माणूस तोच, बंडीवर जाकीट चढलं)
आणि वरून पत्र आलं :
बोधचिन्ह ठरवून कळवावे.

सभेला कोरम भरला, हे नवलच.
कुणी म्हणालं, ऊस पाहिजे, दोन पेरं तरी.
कुणी म्हणालं, म्हैस. दुधाबिगर गाव कसलं?
तालमीच्या पोरांनी गदा काढूनच आणली होती.
भूपाल चौगुले उठले,
"नदी काढा. दरसाल घरात येतीयाच की.
कागदावर जागा दिली तर
बाहेर थांबंल एखादवेळी."
हशा झाला.
मी इतिवृत्तात लिहिलं : चर्चा झाली.

मग वॉर्ड नऊच्या शेवंताबाई सातपुते.
"गावचं नाव मुलखात गेलं ते कशानं?
एक पायताण काढा की."
पंखा तेवढा बोलत राहिला.
आणि कुणीतरी, नाव लिहीत नाही,
"पायातलं कपाळावर कसं घ्यायचं, मावशी?"
मी लिहिलं : सूचना नोंदवून घेतली.
या तीन शब्दांखाली गावानं काय काय पुरलंय
ते मला ठाऊक. जुनी रजिस्टरं
माझ्याच कपाटात आहेत.

काम दस्तगीर पेंटरला गेलं, साडेतीन हजारांत.
गोलात नदी, वळणाशी उसाची दोन पानं,
डोंगराची रांग, वर सूर्य.
सूर्य कुणी मागितला नव्हता,
पण त्याचा हात सूर्य काढल्याशिवाय उठत नाही.
खाली संस्कृतातले दोन शब्द. त्यांचा अर्थ
हायस्कूलच्या सरांनी दोनदा सांगितला,
दोन्ही वेळी वेगळा.

झेंडाही शिवून घेतला.
मग नियम शोधला, लावावा की लावू नये,
कुठंच सापडला नाही.
हल्ली तो झेरॉक्स मशीनवर असतो.
धूळ बसत नाही.

काल जन्माचा दाखला होता एक,
शेवंताबाईंच्या नातीचा.
घाईत शिक्का उलटा पडला.
फाडायला घेतला, आणि हात थांबला.

नदी तळव्यासारखी वळली होती, टाचेशी निमुळती.
उसाची पानं, दोन कान.
डोंगराची रांग बारीक बारीक,
वादीची वेणी.

दस्तगीरला फोन लावला.
"किती वर्षं लागली, साहेब?"
"सहा."
"मला वाटलं होतं, रिटायर झाल्यावर दिसंल तुम्हाला."

दाखला तसाच पुढं सरकवला.
बाईंनी चष्मा वर केला,
कागद फिरवला, परत फिरवला.
"शिक्का उलटा हाय जणू."
"दुसरा करून देऊ?"
त्यांनी तो घडी न घालता पिशवीत ठेवला.
उंबऱ्याबाहेर पायताण सरकवलं
आणि करकर वाजवत
जिन्यानं उतरून गेल्या.