डाव्या दाराखालचा पोचा

दिवसा मी महापेला नळ काढते.
स्क्रीनवर, म्हणजे तोटी, आटा, वायसर,
पाणी कुठे वळेल त्याचा कोन.
रात्री कोपरखैरण्यात, तिसऱ्या मजल्यावरच्या
दीड खोलीत
एक अख्खं प्रवासी विमान मावतं माझ्याकडे.

पावणेदोन वर्षं झाली. पंख आता हवेत वाकतात
वाकायला हवेत तेवढेच.
फ्लॅप सुटतात, त्यांच्या रुळांवर ग्रीस चकाकतं.
कॉकपिटमधल्या दोनशे बारा बटणांपैकी
एकशे नव्वद चालतात. उरलेली
खऱ्या विमानातही कोणी दाबत नसे म्हणे.

म्हणे, म्हणजे नाना म्हणतात.
नानांनी एकतीस वर्षं काढली विमानांच्या पोटाखाली,
पत्र्याच्या कामात.
डावा कान तिथेच ठेवून आले.
कंपनी बुडाली, विमान कुठल्याशा वाळवंटात
तुकड्यातुकड्यांनी विकलं गेलं,
तीन पगार अजून यायचेत.

परवा त्यांना माझी खुर्ची दिली.
म्हटलं, बघा, झालं.
त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला,
माऊस धरला कानस धरावी तसा,
आणि नाकापासून सुरुवात करून
उजवीकडून शेपटीकडे, डावीकडून परत,
पहाटे ड्यूटीवर घालायचे तशी एक फेरी घातली.
चहावर साय धरली.
मग म्हणाले, "हे कुठलं?"

आपलंच, नाना. किलो-ज्युलिएट. शेपटीवर लिहिलंय की.

"लिहिलं असेल.
हे कधी कामाला गेलेलं नाही."

मी वही काढली.
ते सांगत गेले, भिंतीकडे बघत:
संडासाच्या टाकीच्या झाकणामागे निळा ओघळ, वीतभर.
पंखावरच्या 'इथे पाय ठेवू नका'तला
'नका' पाय ठेवून ठेवून पुसलेला.
मागच्या डाव्या दाराखाली, हातभर पुढे, पोचा.
जेवणाची गाडी लागली होती, रात्री अडीचला.
चार बोटं रुंद, नखाएवढा खोल.
कय्यूमने पट्टी लावून मापला,
"चालेल" म्हणून वहीत चढवला,
आणि चालला की, अकरा वर्षं,
दुबई, कालिकत, पुन्हा दुबई.

"पोचाच्या वर ठिगळ. बारा रिव्हेट.
शेवटचा तिरका. तो माझा."

तिरका का?

"तिरका गेला.
सगळ्याला कारण असतं का?"

गुळगुळीत पत्रा करणं सोपं असतं, हे मला माहीत नव्हतं.
पोचाला चार रात्री लागल्या.
नऊ बिंदू आत ढकलायचे, पण एकसारखे नाही;
एका कडेला पत्रा ताणलेला, दुसरीकडे किंचित सुजलेला,
रंग तडकलेला पण उडालेला नाही.
नळाला असा पोचा काढला
तर सोमवारी कामावर येऊ नकोस म्हणतील.
चौथ्या रात्री मी खेळातलं ऊन उतरवलं, साडेसहाचं,
आणि त्या चार बोटांत
सावली साचली.

बाहेर, खऱ्या आभाळात, आमच्या गच्चीवर आलं की
विमानं चाकं सोडतात; खाडी ओलांडली की धावपट्टी.
खेळात कोपरखैरणे म्हणजे राखाडी ठोकळे,
एकाही खिडकीत वाळत घातलेला टॉवेल नाही.
ते मी नंतर बघेन.

आज नानांना पुन्हा बसवलं.
किलो-ज्युलिएट उभी होती, इंजिनं थंड,
चाकांना ठोकळे लावलेले.
त्यांनी निळा ओघळ बघितला. पोचा बघितला.
तिरक्या रिव्हेटपाशी थांबले, बरोबर म्हणाले नाहीत,
चूकही म्हणाले नाहीत.

उडवू?

"नको. खालून दाखव."

मी कॅमेरा जमिनीलगत आणला,
चाकांच्या मधून हळूहळू आत सरकवला.
वर पोट. काळपट, लांब, शिरा निघालेलं.

खुर्चीत बसल्या बसल्या
नानांनी मान खाली घातली,
डोकं लागू नये म्हणून.