चौथी जागा

तू एका खटक्याचा माणूस, सालोमन.
तुझी ती जाड, मधाळ, हंबकरवाली
शरणपूरच्या चर्चमध्ये कधी खरखरली नाही.
वाजव तू. वजनही तूच उचल.

माझीला पाच जागांचा खटका
आणि माझा मुक्काम चौथ्या जागेवर:
मानेजवळचं पिकअप नि मधलं, दोन्ही मिळून
किंचित पोकळ,
रिकाम्या स्टीलच्या डब्यावर नखानं टिचकी मारावी तसं.

मधलं मेलं तेव्हा
अंबडला ट्रान्सफॉर्मर गुंडाळणाऱ्या वाळिबा शिरसाठांनी
दुसरी पाळी सुटल्यावर
केसाहून बारीक तार भरून दिली.
वेढे मोजता मोजता मधेच चहा आला.
"शंभरेक इकडंतिकडं झाले असतील," म्हणाले,
आणि पैसे घेतले नाहीत.

तेव्हापासून ती गुणगुणते.
ट्यूबलाइटकडं तोंड केलं की जास्तच.
तू म्हणतोस, नवं बसव.

टोनचं बटण मी दहावर नेत नाही.
सातावर लेकीनं नेलपॉलिशचा ठिपका दिलाय,
जांभळा, अर्धा उडालेला.
तिथं पोचलो की आतल्या खोलीतून,
वहीतून मान वर न काढता,
ती म्हणते, "हं. आता."

तो गुणगुणाट धरून म्हणते, सालोमन.